ख्रिस्तपुराण आणि बायबलविषयीचे काही प्रश्न

गोमंतकातील मराठी वाङ्मयाचा विचार निघाला की फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चा उल्लेख आम्ही अगत्याने करतो, मराठीच्या स्तुतीच्या ओव्यांचा निर्देश करतो आणि पुढे जातो. परंतु या ग्रंथाच्या उगमाशी एका श्रोत्याचा प्रश्न आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. बायबलविषयी आजही जे प्रश्न विचारले जातात, त्यांचे कॅथलिक परंपरेतील उत्तर समजून घेण्यास हा ग्रंथ फार उपयोगी आहे, असे आम्हांस वाटते.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. जेझुइट संघाचे सभासद म्हणून १५७९ साली ते गोव्यास आले आणि त्यांचे बहुतेक आयुष्य सासष्टीत गेले. त्यांचे पुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात विश्वोत्पत्तीपासून ख्रिस्तपूर्व काळापर्यंतची कथा येते, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. आरंभीच्या अवस्वरूत नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीस विनवतो की, आमची पूर्वीची पुराणे सुटली, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण द्यावे. त्या मागणीचे फळ म्हणजे हा ग्रंथ होय.

येथे पहिला प्रश्न उभा राहतो. पाद्रींनी बायबलच का भाषांतरित केले नाही? 'चर्चने मनाई केली होती' हे नेहमीचे उत्तर अर्धेच खरे आहे. ट्रेंट येथील धर्मसभेने १५४६ साली लॅटिन व्हल्गेट पाठ प्रमाण मानला. पुढे १५६४ च्या नियमान्वये लोकभाषेतील बायबल वाचण्यास बिशपाची किंवा धर्मन्यायाधीशाची लेखी अनुज्ञा आवश्यक झाली. हे निर्बंध केवळ गोमंतकीयांपुरते नव्हते. खुद्द पोर्तुगीज भाषेत नवा करार प्रथम छापला गेला तो १६८१ साली, आम्स्टरडॅम येथे, आणि तोही प्रॉटेस्टंट आल्मेदा यांचा. कॅथलिक भाषांतर छापून येण्यास १७७८ साल उजाडावे लागले. म्हणजे लिस्बनच्या वाचकास आपल्या भाषेत बायबल मिळण्यापूर्वी दीड शतकाहून अधिक काळ सासष्टीचा श्रोता बायबलची कथा मराठी ओवीत ऐकत होता. ही गोष्ट लहान नव्हे.

निर्बंधामागे एक सिद्धांतही होता. कॅथलिक मताप्रमाणे केवळ ग्रंथ हे धर्माचे संपूर्ण प्रमाण नव्हे. ग्रंथ आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा ही दोन्ही मिळून प्रमाण होत. याचे प्रत्यंतर ग्रंथसंख्येच्या प्रश्नात येते. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके आहेत, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. तोबित, युदित, मक्काबी इत्यादी सात पुस्तके प्राचीन ग्रीक संहितेत होती, हिब्रू संहितेत नव्हती. ल्यूथरने १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलात ती वेगळी काढून ठेवली. ट्रेंटच्या सभेने ती प्रमाण ठरविली. कोणती पुस्तके पवित्र, हे पुस्तक स्वतः सांगत नाही, ते चर्चच्या परंपरेने ठरते, असा कॅथलिक युक्तिवाद आहे. प्रॉटेस्टंटांचा मार्ग निराळा. विल्यम कॅरी यांनी १८११ साली श्रीरामपुराहून मराठी नवा करार छापून ग्रंथच वाचकाच्या हाती दिला. स्टीफन्स यांनी तो निरूपणकाराच्या मुखातून ऐकविला. पुराणश्रवणाची सवय असलेल्या आपल्या समाजास दुसरा मार्ग अपरिचित नव्हता.

तिसरा प्रश्न सृष्टीच्या सहा दिवसांचा. ते अक्षरशः सहा दिवस समजावयाचे काय? बाराव्या पायस पोपांनी १९४३ च्या आपल्या परिपत्रकात सांगितले की, प्राचीन लेखकाने कोणता वाङ्मयप्रकार योजिला हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लावू नये. ज्यांच्या घरी पुराण आणि बखर यांतील भेद लहानपणीच कळतो, त्यांस हे समजण्यास कठीण जाऊ नये.

तथापि 'पूर्वीची पुराणे सुटली' या शब्दांमागील इतिहास झाकून चालणार नाही. सासष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदीपार डिचोली महालातील नार्वे येथे आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचे देवालय पुन्हा उभारविले. १६८४ साली विजरई आल्व्होरच्या कौंटने लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. ज्या भाषेत स्टीफन्स यांनी देव वर्णिला, तीच भाषा त्यांच्याच धर्माच्या राज्याने त्याज्य ठरविली. डिचोली आणि पेडणे हे महाल १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगीज अमलाखाली आले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून नव्या काबिजादीत पोथी, कीर्तन आणि मराठी अक्षर टिकले.

या इतिहासामुळेच पेडणे-डिचोलीकडील शिक्षकांवर एक जबाबदारी येते. ओवीचे वळण आमच्या कानांस ठाऊक आहे. वैकुंठ, मुक्ती, गुरू हे शब्द स्टीफन्स यांनी आमच्याच परंपरेतून घेतले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली देवनागरी आवृत्ती काढल्यापासून लिपीची अडचणही उरलेली नाही. विद्यार्थ्यांपुढे हा ग्रंथ ठेवताना जुलूम लपवू नये आणि जुलमापायी काव्यही नाकारू नये. द्वितीय व्हॅटिकन सभेने १९६५ साली बायबल सर्व श्रद्धावंतांस सुगम व्हावे असे जाहीर केले. सासष्टीच्या त्या श्रोत्याने आपल्या भाषेत धर्मकथा मागितली, ती त्याच्या साडेतीन शतके आधी. त्याची मागणी मराठीतून होती, आणि तिला मिळालेले उत्तरही मराठी वाङ्मयाचे धन आहे. ते परक्याचे म्हणून बाजूस ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही.