मिनिस्टर, मिनिस्ट्रंट आणि पंढरीचे सेवाधारी

शब्दकोशात शेजारी बसणारे शब्द अर्थानेही शेजारी असतीलच असे नाही. ‘मिनिस्टर’ म्हणजे मंत्री, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. ‘मिनिस्ट्रंट’ हा शब्द मात्र इंग्रजीच्या प्राध्यापकांच्याही वाचनात क्वचितच येतो. महाराष्ट्राच्या कायद्यात तो अवतरला तो पंढरपूरमुळे. 1973 च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने विठ्ठल आणि रुक्मिणी यांच्या मंदिरांतील ‘मिनिस्ट्रंट्स अँड प्रीस्टली क्लासेस’ यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द केले.

नुसते ‘प्रीस्ट’ म्हणून का भागले नसावे? विठ्ठलमंदिरात बडव्यांखेरीज सात सेवाधारी घराणी होती. पूजा पुजाऱ्याची, मंत्र बेणाऱ्याचे, स्नानाचे पाणी आणि पूजेची सिद्धता परिचारकाकडे, पदे-आरत्या हरिदासाकडे. डिंगरे देवाला आरसा दाखवणार, दिवटे दिवटी धरणार, डांगे चांदीची काठी घेऊन उभे राहणार. रुक्मिणीकडे उत्पात. आता काठी धरणाऱ्यास पुरोहित कसे म्हणावे? आणि केवळ ‘सर्व्हंट’ म्हटले तर तो पगारी गडी ठरतो.

लॅटिनमध्ये ‘मिनुस’ म्हणजे उणे, कमी. त्यावरून ‘मिनिस्टर’, म्हणजे पायरीने खालचा, सेवक. उलट ‘मागिस’ म्हणजे अधिक. त्यावरून ‘मागिस्टर’, आणि पुढे इंग्रजीतले ‘मास्टर’ व ‘मॅजिस्ट्रेट’. युरोपात राजाचा सेवक राज्य चालवू लागला, तसा मिनिस्टर वर चढला. चर्चमध्ये तोच शब्द धर्मोपदेशकासाठी राहिला. दरबारातला गाणारा सेवक झाला ‘मिन्स्ट्रेल’. आपला हरिदास या शब्दाच्या फार जवळचा, फक्त त्याचा दरबार निराळा. (हलक्या कामासाठीचा ‘मिनियल’ याच कुळातला वाटतो, पण तो घर या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. दिसण्यावर जाऊ नये ते असे.) ‘प्रीस्ट’चे मूळ तर ग्रीकमध्ये, आणि अर्थ वडीलधारा. म्हणजे कायद्याच्या त्या चार शब्दांत धाकटे आणि वडील एकाच ओळीत उभे केले आहेत.

मला महत्त्वाचे वाटते ते ‘मिनिस्ट्रंट’चे शेपूट. मिनिस्टर हे पदाचे नाव आहे. मिनिस्ट्रंट हे मुळात वर्तमानकालीन धातुसाधित आहे, ‘सेवा करीत असलेला’. सेवा चालू आहे तोवर तो मिनिस्ट्रंट. ‘सेवाधारी’ची घडण वेगळी आहे. तिथे सेवा ही धारण करण्याची वस्तू आहे, वतनदाराने वतन धरावे तशी. जी धारण करता येते ती मुलांत वाटता येते, तिच्यावरून भावकीत तंटे होतात. बडव्यांमध्ये तर देवापुढच्या उत्पन्नाच्या हक्काचा लिलाव होत असे. 1968 साली शासनाने न्या. बी. डी. नाडकर्णी यांचा आयोग नेमला, 1970 मध्ये त्याचा अहवाल आला, आणि अधिनियम आला तो त्यानंतर. मसुदा लिहिणाऱ्याने एवढा व्याकरणविचार केला असेल असे मी म्हणत नाही. पण वंशपरंपरागत मिनिस्ट्रंट हा त्या शब्दाच्या घडणीशीच विसंगत प्रयोग आहे, आणि कायद्याने मोडली ती नेमकी हीच जोडणी.

शब्द ठरला तरी वाद मिटला नाही. 1985 मध्ये मंदिराचा कारभार शासननियुक्त समितीकडे गेला, म्हणजे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’कडे, त्याच कुळातल्या तिसऱ्या शब्दाकडे. न्यायालयीन लढाई मात्र जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडव्यांचा दावा फेटाळेपर्यंत चालली. आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक शासकीय महापूजा करतात, तेव्हा चीफ मिनिस्टर क्षणभर मिनिस्ट्रंट होतो. मराठीत ही गंमत साधत नाही, कारण आपला ‘मंत्री’ सेवेतून आलेला नाही, मंत्रातून, सल्ल्यातून आला आहे. व्युत्पत्तीने पाहिले तर तो बेणाऱ्याच्या पंगतीचा.

निकालानंतर त्याच वर्षी समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी अर्ज मागवले. जातीची अट नव्हती, स्त्रियांनाही अर्ज करता येत होता. घराण्याचे नाव विचारले जाणार नव्हते. पूजाविधी येतो का, एवढेच पाहायचे होते.