किशोरांचे धूम्रपान आणि लोकमताची दिशा

नाशिक जिल्ह्यातील येवला हे पैठणीच्या हातमागांसाठी प्रसिद्ध असलेले तालुक्याचे गाव. अशा गावात शाळा, पेठ आणि एस. टी. स्थानक यांमध्ये अंतर थोडे असते आणि विद्यार्थ्याच्या रोजच्या वाटेवर पानाची टपरी येतेच. त्याच जिल्ह्यातील सिन्नर हे विडीधंद्याचे जुने केंद्र होय. अर्थात या प्रदेशात तंबाखू हा केवळ व्यसनाचा विषय नाही; तो अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचाही विषय आहे. येथील किशोरांना धूम्रपानापासून परावृत्त करावयाचे, तर प्रचार कोणास उद्देशून करावा? मुलास, की ज्या परिस्थितीत तो वाढतो तिच्या नियंत्यांस? गेल्या काही दशकांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी सापडते.

प्रचाराच्या दोन पद्धती येथे वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली उपदेशाची. तीत व्यसनाचे दुष्परिणाम सांगून व्यक्तीने आपले वर्तन सुधारावे अशी अपेक्षा असते. दुसरी पद्धत म्हणजे माध्यमांतून केलेली धोरणाची वकिली. तिचा श्रोता मूल नसून विधिमंडळ, नगरपालिका, विक्रेता व कारखानदार हे असतात. पहिली पद्धत मुलाला दोष देते. दुसरी त्याच्यापर्यंत सिगारेट कोणी व कशी पोचविली, हे विचारते.

या दुसऱ्या पद्धतीचे मराठी मुलखाच्या शेजारचे ठळक उदाहरण गोव्याचे आहे. १९९५ साली न्यूझीलंडचा क्रिकेट संघ भारतात आला, तेव्हा त्या मालिकेचा पुरस्कर्ता 'विल्स' हा सिगारेटचा छाप होता आणि दूरदर्शनवर सामने पाहणाऱ्या मुलांच्या दृष्टीसमोर तो सतत राहिला. गोव्यातील शल्यचिकित्सक डॉ. शरद वैद्य व त्यांचे सहकारी यांनी तेथील शाळांतील १३ ते १६ वर्षांच्या मुलांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९९६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. धूम्रपानाने खेळ सुधारतो असा समज काही मुलांत आढळला, व असा समज असणाऱ्यांत तंबाखू वापरून पाहण्याचे प्रमाण अधिक होते. एकाच वेळी केलेल्या पाहणीवरून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिने चर्चेचा विषय बदलला. मुलगा का बिघडला, या प्रश्नाच्या जागी त्याच्या आवडत्या खेळाडूच्या अंगावर सिगारेटचे नाव का, हा प्रश्न आला.

पुढील घटनाक्रम बोलका आहे. गोव्याने १९९७ साली धूम्रपान व थुंकण्यास प्रतिबंध करणारा कायदा संमत केला. २००१ मध्ये केंद्र सरकारचे तंबाखूविषयक विधेयक पुढे येताच 'आय. टी. सी.' कंपनीने क्रिकेटचे प्रायोजकत्व सोडले. २००३ च्या केंद्रीय अधिनियमाने तंबाखूच्या जाहिराती व पुरस्करण यांस बंदी घातली. १८ वर्षांखालील व्यक्तीस, तसेच शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री करणे निषिद्ध ठरविले. या साऱ्याचे श्रेय एका पाहणीस देता येणार नाही. पण अशा पुराव्यांनी तयार झालेल्या लोकमताविना हे घडणे कठीण होते.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचा अनुभवही याच दिशेचा आहे. तेथे १९९८ साली सुरू झालेल्या मोहिमेने मुलांना आजाराची भीती न घालता सिगारेट कंपन्यांची फसवणूक त्यांच्यासमोर उघड केली. दोन वर्षांत धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण माध्यमिक शाळांच्या खालच्या वर्गांत १८.५ टक्क्यांवरून ११.१ वर, व वरच्या वर्गांत २७.४ वरून २२.६ वर आले. मोहिमेच्या जोडीला शालेय उपक्रम व कायद्याची अंमलबजावणीही होती, हे येथे विसरता कामा नये.

याउलट भयदर्शनाच्या मर्यादाही दिसून आल्या. भुसावळच्या मुकेश नावाच्या तरुणाचा गुटख्यामुळे झालेल्या मुखकर्करोगाने २००९ मध्ये अंत झाला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात चित्रित झालेले त्याचे निवेदन पुढे चित्रपटगृहांत देशभर दाखविले गेले. त्याची करुणा निर्विवाद होती. तथापि वारंवार ऐकून त्यातील शब्दांची तरुणांकडून थट्टेने नक्कल होऊ लागली. जो उपदेश पाठ होतो, तो बोचेनासा होतो.

महाराष्ट्रापुरती आणखी एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातील प्रौढांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. म्हणून केवळ सिगारेटविरुद्ध केलेला प्रचार येथे अपुरा पडतो. सिगारेट सोडून गुटख्याकडे वळलेला मुलगा वाचला असे म्हणता येत नाही. २०१२ ची गुटखाबंदी व २०२० मध्ये सुट्या सिगारेटी व विड्या यांच्या विक्रीवर आलेली बंदी या दोन्ही निर्णयांचे महत्त्व यात आहे. सुटी सिगारेट हीच मुलाच्या खिशातील पैशांना परवडणारी असते.

आता पुन्हा येवल्याकडे पाहावे. २००३ च्या अधिनियमाने वृत्तपत्रांतील व दूरदर्शनवरील जाहिरात थांबविली. दुकानाच्या दर्शनी भागावरील मर्यादित फलकास मात्र मुभा ठेवली. परिणामी जाहिरात जेथून नाहीशी व्हावयास हवी होती, त्या शाळेच्या वाटेवरच ती उरू शकली. शंभर यार्डांचे माप दिल्लीत ठरते. ते मोजावे लागते येवल्याच्या गल्लीत, आणि ते मोजले गेले की नाही हे विचारणे स्थानिक पत्राचे, पालकांचे व शिक्षकांचे काम आहे. त्याचबरोबर विडी वळणाऱ्या हातांना दुसरे काम मिळावे ही मागणीही त्याच लेखणीने केली पाहिजे. अन्यथा किशोरांच्या आरोग्याचा पक्ष हा गरिबांच्या भाकरीविरुद्धचा पक्ष ठरेल आणि गावातच त्याला विरोध उभा राहील. मुलाला शहाणे करण्यापूर्वी त्याची वाट निर्धोक करण्याचे उत्तरदायित्व प्रौढांवर आहे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.