उन्हाळ्यात कॉम्प्युटर मंद का होतो, मध्येच बंद का पडतो? कर्नलमधल्या तापमान-मर्यादांची गोष्ट

एप्रिल-मे महिन्यात धाराशिव जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. कळंब असो की उमरगा, बाजारपेठेतली झेरॉक्सची दुकानं आणि सेवा केंद्रं बहुतेक पत्र्याच्या छपराखाली. त्यातच निकाल लागले की उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर आणि प्रवेश अर्जांची रांग लागते. नेमक्या त्याच दिवसांत दुपारी दोन वाजता कॉम्प्युटर रेंगाळायला लागतो आणि अर्ध्या भरलेल्या फॉर्मसकट बंद पडतो. ‘व्हायरस आलाय’ म्हणून फॉरमॅट मारला जातो. दोष मात्र बऱ्याचदा उष्णतेचा असतो.

हिशोब साधा आहे. पंखा आणि हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत, ते फक्त त्याची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतात. समजा पूर्ण भार असताना प्रोसेसर हवेपेक्षा ५० अंशांनी गरम राहतो. खोली २५ अंशांची असेल तर तो ७५ वर थांबेल, ४२ ची असेल तर ९२ वर. हीटसिंकच्या फटींत धूळ बसली की हा ५० चा फरकच वाढतो. इंटेलच्या अनेक प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. म्हणजे हिवाळ्यात ठणठणीत चालणारं तेच मशीन मे महिन्यात काठावर येतं.

इथे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, काम सुरू करतो. लिनक्स कर्नलमध्ये यासाठी ‘थर्मल’ नावाची स्वतंत्र यंत्रणा आहे. जिथे तापमान मोजलं जातं तो ‘थर्मल झोन’, ज्याने ते कमी होतं ते ‘कूलिंग डिव्हाइस’ आणि ज्या अंशावर हालचाल करायची तो ‘ट्रिप पॉइंट’. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याचं पाणी ठरावीक पातळी गाठल्यावरच नर-मादी धबधब्यांतून कोसळतं. ट्रिप पॉइंटही असाच पातळीवर चालतो.

ट्रिप पॉइंट चार प्रकारचे असतात. ‘अॅक्टिव्ह’ला पंखा फिरतो किंवा जोरात फिरतो. ‘पॅसिव्ह’ला प्रोसेसरचा वेग उतरवला जातो. ‘हॉट’ ही ड्रायव्हरला दिलेली धोक्याची सूचना. ‘क्रिटिकल’ला कर्नल कुणालाही न विचारता मशीन बंद करतो. दुकानातला अर्ज गेला तो बहुधा या शेवटच्या पायरीवर.

यातली खरी कामाची पायरी ‘पॅसिव्ह’. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. वेग उतरवला की व्होल्टेजही उतरवता येतं, त्यामुळे थोडा वेग सोडला तरी उष्णता बरीच घटते. वेग किती आणि कधी उतरवायचा हे ‘गव्हर्नर’ ठरवतो. ‘स्टेप-वाइज’ हा नेहमीचा गव्हर्नर तापमान चढतंय की उतरतंय ते पाहून एकेक पायरी बदलतो. ‘बँग-बँग’ पंखा नुसता चालू-बंद करतो.

या मर्यादा पाहायच्या असतील तर लिनक्समध्ये ‘सिस’ फोल्डरमधल्या ‘क्लास’ आणि त्यातल्या ‘थर्मल’ फोल्डरमध्ये जावं. तिथल्या ‘टेम्प’ फाइलमध्ये ९२००० असा आकडा दिसला तर घाबरू नये, तो अंशाच्या हजाराव्या भागात असतो, म्हणजे ९२ अंश. काही मशीनवर ट्रिप पॉइंट इथूनच बदलता येतो, पण तशी परवानगी असेल तरच. शिवाय रीस्टार्ट झाला की बदल पुसला जातो. कायमचा बदल हवा तर बूट होताना ‘थर्मल डॉट पीएसव्ही’ हा पर्याय देता येतो, मात्र बायोसमध्ये पॅसिव्ह कूलिंगची सोय असायला हवी. गंमत म्हणजे इथे आकडा थेट सेल्सिअसमध्ये लिहायचा असतो. दोन्हींत गल्लत झाली की गोंधळ ठरलेला.

ट्रिप पॉइंटला हात लावण्यापेक्षा प्रोसेसरचा कमाल वेग थोडा खाली बांधणं किंवा टर्बो बंद करणं जास्त सोपं. विंडोजमध्ये हेच पॉवर ऑप्शन्समध्ये जमतं: कमाल प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ टक्के केली की बहुतेक मशीनवर टर्बो थांबतो. फॉर्म भरायला आणि प्रिंट काढायला टर्बोची गरज नसतेच.

‘क्रिटिकल’ मर्यादा वाढवण्याचा किंवा बंद करण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. तो ऐकू नये. मशीन बंद पडणं थांबत नाही, फक्त कर्नलची नीटपणे बंद करण्याची संधी जाते. तापमान आणखी चढलं की प्रोसेसरमधलं सर्किट स्वतःच वीज तोडतं आणि तेव्हा फाइल सेव्ह व्हायला क्षणभरही मिळत नाही. ही सोय पूर्वी सगळीकडे नव्हती. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरच्या एका व्हिडिओत चालू प्रोसेसरवरचे हीटसिंक काढले गेले, तेव्हा पेंटियम ४ नुसता मंदावला आणि एएमडीचा अॅथलॉन धूर सोडून जळाला.

अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्स कर्नलच असतो. उन्हात बाइकच्या होल्डरवर मॅप चालू असताना फोन अडखळतो तेव्हा हीच यंत्रणा वेग उतरवत असते. तिथे पंखा नाही, आणि रूट केल्याशिवाय मर्यादा बदलताही येत नाहीत. फोन सावलीत घ्यावा, चार्जर काढावा.

दुकानातल्या मशीनसाठी क्रम असा: आधी ब्लोअरने धूळ, मग वाळलेली थर्मल पेस्ट, मग कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे. त्यानंतरही दुपारी आकडा ९० च्या वर दिसला, तरच सेटिंग उघडावं.