रांजणाचें पाणी आणि संगणकाची उष्णता

बीड जिल्ह्यांतील घाटनांदूर हें बालाघाटाच्या पठारावरील रेल्वेचें गांव. वैशाखांत दुपारीं येथील हवा बेचाळीस अंशांवर तापली, तरी ओसरींतल्या रांजणाचें पाणी गार असतें. मातीच्या अंगांतून झिरपणारें पाणी वाफ होऊन उडून जातें आणि जातांना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें, हें त्याचें कारण. हा गारवा फुकट मिळत नाहीं. रांजण रोज थोडा रिकामा होतो, आणि पाण्याची वाण असलेल्या मुलखांत त्या रिकामेपणाचा हिशेब गृहिणीला ठेवावा लागतो.

याच गांवांत एखाद्या घरीं आज खेळासाठीं घेतलेला संगणक असला, तर त्याच्या पेटीच्या कांचेमागून रंगीत प्रकाशांत एक नळी फिरतांना दिसेल. त्या नळींतहि पाणीच असतें. त्या पाण्यानें संगणकांतील चित्रें रंगविणारा भाग, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, थंड ठेवला जातो. रांजण आणि ही नळी दोन्ही पाण्यानेंच गारवा देतात. परंतु दोघांच्या रीतींत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. हें अंतर कसें पडलें, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें.

विजेवर चालणाऱ्या गणनयंत्रांत शिरणारी जवळजवळ सर्व वीज शेवटीं उष्णता होऊनच बाहेर पडते. यंत्रें जसजशीं वेगवान् व आटोपशीर झालीं, तसतशी ही उष्णता लहानशा जागेंत कोंडूं लागली. अमेरिकेंतील सेमूर क्रे यांनीं १९७६ सालीं ‘क्रे-१’ हा महासंगणक बाहेर आणला, तेव्हां त्याला सुमारें ११५ किलोवॉट वीज लागे. ती सारी उष्णता काढून नेण्यासाठीं शीतकपाटांत वापरतात तसला फ्रिऑन त्याच्या खांबांमधून खेळविलेला होता. पुढें १९८५ सालच्या ‘क्रे-२’ मध्यें तर क्रे यांनीं विद्युत् न वाहणाऱ्या एका निष्क्रिय द्रवांत सर्व मंडलेंच बुडवून ठेविलीं. आय्‌बीएम कंपनीनें १९८० च्या सुमारास आपल्या मोठ्या यंत्रांत चिपांच्या डोक्यावर थंड पाण्याचे खण बसविले होते.

येथें एक गंमत झाली. १९९० नंतर कमी वीज खाणाऱ्या नव्या जातीच्या चिपा आल्या आणि पाणी मोठ्या यंत्रांतून जवळजवळ हद्दपार झालें. नुसता पंखा पुरूं लागला. भारतांतील पहिले यश याच संधिकालांतलें. क्रे यांचा एक महासंगणक हवामानाच्या कामासाठीं दिल्लीस आला होता. पण त्याहून बलवान् यंत्र देण्यास अमेरिका तयार झाली नाहीं. तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ सिद्ध केला. एकच प्रचंड व तापट यंत्र बनविण्याऐवजीं ट्रान्सप्यूटर नांवाच्या लहान चिपा एकमेकींस जोडून त्यांच्याकडून सांघिक काम घेण्याची त्यांची युक्ति होती. एकेका चिपेची उष्णता त्यामुळें अगदींच थोडी असे.

महासंगणकांतून पाणी निघून जात होतें, त्याच सुमारास तें घरगुती यंत्रांत शिरूं लागलें. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेंतील कांहीं हौशी तरुण आपल्या संगणकांचा वेग कारखान्यानें ठरविलेल्या मर्यादेपलीकडे वाढवूं पाहत होते. वेग वाढला कीं ताप वाढे. दुकानांत तयार साधनें नव्हतीं. म्हणून त्यांनीं मोटारगाडीच्या हीटरमधील लहान रेडिएटर काढला, मत्स्यालयांतील पंप घेतला, तांब्याचा ठोकळा हातानें कोरला आणि रबरी नळीनें हें सारें जोडून दिलें. आज कारखान्यांत बनणाऱ्या सुबक साधनांचा मूळ पुरुष हा असा जुन्या सामानांतून उभा राहिला.

१९९९ सालीं एन्‌व्हिडिया कंपनीनें आपल्या ‘जीफोर्स २५६’ या कार्डाला ‘जीपीयू’ हें नांव देऊन तें बाजारांत आणलें, तेव्हां त्यावर एक चिमुकला पंखा पुरत होता. मग खेळांतील चित्रें जिवंत भासावीं म्हणून चिपांवरचें काम वाढत गेलें. २०१४ सालीं एएम्‌डी कंपनीच्या दोन चिपांच्या ‘आर ९ २९५ एक्स २’ या कार्डाची भूक ५०० वॉटपर्यंत पोंचली आणि कंपनीनें त्याला कारखान्यांतच पाण्याची बंद नळी जोडून दिली. २०२२ सालच्या ‘आर्‌टीएक्स ४०९०’ ची मर्यादा ४५० वॉट, तर २०२५ सालच्या ‘५०९०’ ची ५७५ वॉट. घरांतील हलक्या इस्त्रीला लागणाऱ्या विजेच्या जवळ जाणारा हा आंकडा आहे. आणि ती वीज खाणारी चिप तळहाताहून लहान असते.

अशा वेळीं हवा अपुरी पडते. सारख्याच आकारमानाचें पाणी हवेच्या सुमारें साडेतीन हजार पट उष्णता आपल्यांत सामावून घेऊं शकतें. म्हणून चिपेवर तांब्याची पाटी बसवितात. तिच्या आंत केसासारख्या बारीक फटी कोरलेल्या असतात व त्यांतून पंप पाणी खेळवितो. तापलेलें पाणी रेडिएटरमध्यें जातें, पंखा त्याची उष्णता खोलींतील हवेला देतो, आणि निवालेलें पाणी पुन्हां चिपेकडे परततें. या फेऱ्यांत पाणी खर्च होत नाहीं. त्याच त्या लोट्याभर पाण्याला वर्षानुवर्षें हमालाचें काम करावें लागतें.

मात्र हें पाणी विहिरीचें किंवा बोअरचें चालत नाहीं. मराठवाड्याच्या काळ्या खडकांतून आलेल्या पाण्यांत क्षार फार. चहाच्या भांड्याला पांढरा थर देणारे तेच क्षार त्या बारीक फटी बुजवून टाकतील. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यांत गंज व शेवाळ रोखणारीं द्रव्यें मिसळतात. तांबें आणि ॲल्युमिनियम एकाच फेऱ्यांत आणल्यास त्यांच्यांत विद्युत्-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजतें, ही दक्षताहि ठेवावी लागते.

पण या नळीला एक मर्यादा आहे, आणि ती घाटनांदूरच्या वैशाखांत उघडी पडते. बंद नळींतील पाणी खोलीच्या हवेहून कधींच गार होऊं शकत नाहीं. हवा बेचाळीस अंशांवर असेल, तर पाणी त्याहून ऊनच राहणार, आणि चिप त्याहून ऊन. ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास बहुतेक चिपा जीव वांचविण्यासाठीं आपला वेग आपणच कमी करतात. येथें रांजण नळीवर मात करतो, कारण तो हवेहूनहि गार होतो. पण पाणी खर्चूनच. एक लिटर पाणी दहा अंश तापलें, तर ५०० वॉटच्या कार्डाची सुमारें ८४ सेकंदांची उष्णता तें वाहून नेतें. तेंच लिटर वाफ होऊन उडालें, तर तें त्याच कार्डाची सुमारें ८० मिनिटांची उष्णता नेतें. मात्र तें लिटर पुन्हां परत येत नाहीं.

या दोन रीतींतील निवड घरापुरती राहत नाहीं. घाटनांदूरहून जवळच असलेल्या परळीच्या औष्णिक वीजकेंद्राचे उंच शीतक मनोरे म्हणजे एक प्रकारें प्रचंड रांजणच. २०१३ सालच्या फेब्रुवारींत गोदावरीच्या खोऱ्यांत पाणी उरलें नाहीं, तेव्हां १,१३० मेगावॉटचें तें केंद्र बंद ठेवावें लागलें. कोळशाची नव्हे, तर पाण्याची वाण होती. २०१५ सालींहि तोच प्रसंग आला. पुढच्याच वर्षीं, एप्रिल २०१६ मध्यें, मिरजेहून लातूरला पिण्याचें पाणी आगगाडीनें नेण्याची वेळ आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी गेलें.

आज पाणी मोठ्या यंत्रांतहि परत आलें आहे. पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं सी-डॅकनें उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकांत चिपांच्या अंगाशीं द्रव खेळविणारी शीतनपद्धति वापरली गेली. २०२० सालीं पुण्यासच उभा राहिलेला ‘परम सिद्धि-एआय’ हा तर खेळांच्या कार्डांशीं सख्खें नातें सांगणाऱ्या चिपांवरच चालणारा. त्या वर्षीं नोव्हेंबरांत जगांतील महासंगणकांच्या यादींत त्याचा क्रमांक ६३ वा लागला. मुलांच्या करमणुकीसाठीं घडलेली चिप कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया झाली, आणि तिची उष्णताहि तिच्याबरोबर मोठ्या कोठारांत गेली.

ती उष्णता नाहींशी करतां येत नाहीं. ती केवळ दुसरीकडे नेतां येते. बंद नळींतून ती हवेला दिली, तर पाणी वांचतें, पण पंखे व शीतनयंत्रें चालविण्यास वीज अधिक लागते. मनोऱ्यांतून वाफ करून उडविली, तर वीज वांचते, पण नदी आटते. नवीं कोठारें कोठें व कशीं बांधावीं, हें ठरविणाऱ्यांना या दोहोंपैकीं एक किंमत मोजावीच लागेल. मराठवाड्यांतील गृहिणीला हा हिशेब नवा नाहीं. उन्हाळ्यांत रांजण भरतांना ती प्रथम विहिरींत डोकावून पाहते.