टेनिसला दिलेला रुपया धर्मादाय केव्हा ठरतो

मुंबईलगतच्या हाटकेशमधल्या एखाद्या मंडळाने वस्तीतल्या मुलांना टेनिस शिकवायचे ठरवले आणि त्यासाठी एखाद्या कंपनीकडे किंवा विश्वस्त निधीकडे मदत मागितली, तर समोरून पहिला प्रश्न खेळाबद्दल येत नाही. नोंदणी कुठे झाली? देणगीदाराला करसवलत मिळवून देणारे ऐंशी-जी आहे का? घटनेत उद्दिष्टे काय लिहिली आहेत? ही कटकट वाटते खरी, पण या प्रश्नांमागे शंभराहून अधिक वर्षांचा वाद आहे आणि जपून राहिलेल्या कागदांवरून तो बराच जुळवता येतो.

सुरुवात मुंबईच्या मैदानावर करू. १८९७ साली शापुरजी सोराबजी यांनी पारशी क्रिकेटचा इतिहास इंग्रजीत छापला. त्यात युरोपियनांच्या पोलोच्या घोड्यांनी देशी पोरांच्या खेळाचे मैदान कसे उखणले याची तक्रार आहे. लेखक स्वतः त्या भांडणातला पक्षकार, म्हणून हे पुस्तक अर्ज वाचावा तसे वाचायला हवे, निकालपत्र म्हणून नव्हे. पुढे काय घडले याची साक्ष मात्र समुद्राकाठची जमीनच देते. तिथे पारशी, मुसलमान आणि हिंदू अशा तीन जिमखान्यांना सरकारी जागा मिळाल्या. १८९४ मध्ये उघडलेल्या हिंदू जिमखान्याला परमानंददास जीवनदास यांचे नाव आहे. जागा सरकारची, पैसा दानशूराचा, सभासदत्व जातधर्माने ठरलेले. दान खरेच झाले होते, पण फाटक सगळ्यांना उघडे नव्हते.

दुसरा कागद पुण्याशी जोडलेला आहे. १९०६ साली स्थापन झालेला डेक्कन जिमखाना आज टेनिस कोर्टांसाठी ओळखला जातो. त्याच्याशी जोडलेले एक दान मात्र धावपटूंच्या वाट्याला आले. सर दोराबजी टाटा यांनी १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष बॅले-लातूर यांना एक पत्र लिहिले. जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारे शेतकरी पाहिले, त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या फारशा मागे नव्हत्या आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्पला संघ पाठवायची कल्पना निघाली, असे त्यात ते सांगतात. जवळपास दहा वर्षांनी सांगितलेली ही आठवण आहे आणि सांगणारा स्वतः पैसे देणारा, तेव्हा थोडी वजावट करायला हवी. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले त्या मॅरेथॉनमध्ये १९ वे आले, हे मात्र निकालपत्रकात आहे. चार वर्षांनी पॅरिसला भारताचे टेनिसपटूही गेले. दोराबजींनी घातलेला पैसा सभासदांच्या सोयीसाठी नव्हता. तो सभासद नसलेल्या माणसांसाठी होता, आणि पुढचा सगळा कायदा याच फरकाभोवती फिरतो.

कायद्याला मात्र खेळ म्हणजे धर्मादाय हे पटवून घ्यायला फार वेळ लागला. इंग्लंडमधल्या नॉटेज खटल्यात (१८९५) एकाने मृत्युपत्रात शिडाच्या बोटींच्या शर्यतीसाठी निधी ठेवला होता. निव्वळ खेळाला दिलेले उत्तेजन धर्मादाय नव्हे, असे न्यायालय म्हणाले. तोच सूर आपल्याकडेही उमटला. क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगालच्या प्राप्तिकराच्या प्रकरणात १९५९ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने खेळाच्या प्रसाराला धर्मादाय मानले नाही.

टेनिसची यात एक गंमत आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १०(२३) मध्ये क्रिकेट, हॉकी आणि फुटबॉलच्या जोडीला टेनिसचे नाव स्पष्ट छापलेले होते. पण ती सूट खेळाचे नियंत्रण किंवा प्रसार करणाऱ्या, केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या संस्थांना होती. गल्लीतल्या मंडळाचा हात तिथवर पोहोचणे अवघड. पुढे २००२ च्या वित्त कायद्याने ते कलमच वगळले. मधल्या काळात खरी वाट उघडली ती २४ सप्टेंबर १९८४ च्या परिपत्रक क्र. ३९५ ने. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्यात म्हटले की खेळांचा प्रसार हे सार्वजनिक उपयोगाचे, म्हणून धर्मादाय काम आहे. फक्त लाभ जनतेला किंवा जनतेच्या एखाद्या वर्गाला मिळायला हवा, ठरावीक व्यक्तींच्या गटाला नव्हे. नॉटेजपासून चाललेला वाद आपल्याकडे या एका अटीवर मिटला, असे मी समजतो.

महाराष्ट्रापुरता याहून बोलका कागद म्हणजे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. त्याच्या नवव्या कलमात धर्मादाय हेतू मोजले आहेत: गरिबी निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत. त्यानंतर ३-अ येते, आणि मग ४. क्रमांकाला लागलेला हा ‘अ’च सांगतो की हे पोटकलम मागाहून बसवले गेले. मजकूर फुरसतीच्या वेळच्या करमणुकीच्या सोयींबद्दल आहे, आणि तो इंग्लंडच्या १९५८ च्या कायद्याशी इतका मिळताजुळता आहे की नमुना कुठला हे ओळखायला त्रास पडत नाही. तो इंग्रजी कायदाही एका निकालामुळेच आला. वेस्ट हॅम आणि लेटन भागात मेथडिस्ट पंथीयांसाठी, किंवा पुढे पंथात येऊ शकतील अशांसाठी, ठेवलेली खेळाची व समाजकार्याची जागा १९५५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने धर्मादाय मानली नाही. मुंबईच्या समुद्राकाठच्या जिमखान्यांचाच प्रश्न जणू लंडनच्या न्यायालयात उभा राहिला होता! आपल्या कलमाची अट अशी, की सोय समाजकल्याणासाठी हवी. ज्यांच्यासाठी ती आहे त्यांना वय, अपंगत्व, गरिबी किंवा परिस्थितीमुळे तिची गरज असावी, नाहीतर ती सर्वांना खुली असावी.

आता हाटकेशकडे वळू. तिथल्या एखाद्या गृहसंकुलाने आपल्या सभासदांपुरते कोर्ट बांधले, तर वरच्या एकाही कसोटीला ते उतरत नाही. आजूबाजूच्या शाळांतल्या, चाळींतल्या मुलांना तेच कोर्ट ठरलेल्या वेळेला खुले केले, तर चित्र बदलते. फी घेतली म्हणून लगेच काही बिघडत नाही. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी अहमदाबाद नगरविकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की खर्चाइतकी किंवा त्याहून किंचित जास्त आकारणी म्हणजे व्यापार नव्हे. लक्षणीय जास्त घेतली तर मात्र तो धंदाच.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या पैशाची भाषाही अशीच बारकाईने वाचावी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रसारासाठी ‘प्रशिक्षण’ असा शब्द आहे. जून २०१४ च्या परिपत्रकाने मॅरेथॉन, पुरस्कार असे एकदाच होणारे कार्यक्रम त्यातून बाहेर ठेवले. २०२१ च्या नियमांनी जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेले प्रायोजकत्वही वगळले. म्हणजे बॅनर, चषक आणि नगरसेवकाच्या हस्ते बक्षीससमारंभ असलेली रविवारची स्पर्धा या निधीत बसवणे कठीण. वर्षभर आठवड्यातून तीन संध्याकाळी चालणारा वर्ग सहज बसतो. आमची मंडळे नेमकी उलटे करतात: स्पर्धा आधी, वर्ग जमला तर.

टेनिसला जागा फार लागते, हा आक्षेप खरा आहे. एका कोर्टाला मोकळ्या कडांसह साधारण १२० बाय ६० फूट, म्हणजे ७,२०० चौरस फूट लागतात आणि एका वेळी खेळतात फार तर चार जण. मुंबईच्या कुशीतल्या शहरात हा हिशेब कुठलाही देणगीदार मान्य करणार नाही. पण आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने दहा वर्षांखालच्या मुलांसाठी मंद चेंडू आणि लहान कोर्टे रूढ केली आहेत. त्यातल्या सर्वांत लहान कोर्टाची लांबी ३६ फूटच असल्याने मोठ्या कोर्टावर अशी चार आडवी बसतात. दुहेरी खेळली तर एकाच वेळी सोळा मुले. प्रस्तावात हा आकडा घातल्याखेरीज प्रतिमुलामागचा खर्च पटण्याजोगा दिसत नाही.

तेव्हा हाटकेशच्या मंडळींनी घटना लिहायला बसताना उद्दिष्टांच्या पहिल्याच ओळीत खेळाच्या नावाबरोबर ‘सभासद असोत वा नसोत, परिसरातील सर्व मुलामुलींसाठी’ एवढे शब्द घालावेत, आणि हजेरीपट व फीच्या पावत्या त्याच शब्दांना साक्ष देतील अशा पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात.