गवत, वृक्ष आणि सूप

गेल्या सुगीच्या मिस्सेत आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांनी अर्पणासाठी नवे धान आणले, ते प्लास्टिकच्या टबांतून. सूप का नाही, असे आम्ही एका वृद्ध भगिनीला विचारले. ती उत्तरली, "फादर, सूप विणणारा बुरूडच गावात उरला नाही." तो का उरला नाही, याचा शोध घेताना जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गोंदिया हा धानाचा जिल्हा. शेतापासून चुलीपर्यंत धानाचा प्रवास एके काळी बांबूच्याच आधाराने होई. टोपलीतून ते वाहावे, सुपाने पाखडावे, शेणाने सारवलेल्या ढोलीत साठवावे. बुरूड हिरवा बांबू उभा चिरून पातळ कामट्या काढतो आणि त्या ओल्या असतानाच विणतो. वाळलेली कामटी वळवू जाता मोडते. म्हणून त्याला वरचेवर ताजा बांबू हवा. या कलेचे मूळ जंगलात होते, आणि तेथेच ते दुखावले.

ब्रिटिश अमदानीत हा मुलूख मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात मोडे. घरगुती गरजेपुरते लाकूड, बांबू, गवत जंगलातून आणण्याच्या गावकऱ्यांच्या वहिवाटीस 'निस्तार' म्हणत. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र बांबूची गणना वृक्षांत केली. वनस्पतिशास्त्र त्याला गवत मानते. तोडलेला वृक्ष वाढण्यास पिढी लागते. बांबूच्या बेटातून दर पावसाळ्यात नवे कोंब फुटतात. पण कायद्याने दोघांना एकाच कुलपात ठेवले. १९५१ मध्ये मालगुजारी संपून मालगुजारांची जंगले शासनाकडे गेली. १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि १९९९ मध्ये गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले. व्याख्या बदलली नाही.

ती प्रथम हलली २००६ च्या वनहक्क कायद्याने. त्यात बांबूला गौण वनोपज म्हटले आहे. शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक मिळाले. आपल्या जंगलातील बांबू विकण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने बांबूला वृक्षांच्या व्याख्येतून वगळले. शेताच्या बांधावरील बांबू, नव्वद वर्षांनी, पुन्हा गवत झाला.

तथापि, न्याय पूर्ण झाला असे आम्हांस वाटत नाही. वनहक्क मिळतो तो वनात राहणाऱ्यास व वनावर जगणाऱ्यास; आदिवासी नसलेल्यास तर तेथील तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. जंगलापासून दूर, बाजाराच्या गावी विणत बसणारा बुरूड या चौकटीत सहसा बसत नाही. राज्याने २०१८ मध्ये व केंद्राने १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या काही वस्तूंवर बंदी घातली. पण आमच्या वेदीपुढे आलेले टब त्या बंदीत नाहीत.

वाचकहो, कायद्याने नव्वद वर्षांनी आपली चूक सुधारली. दरम्यान बापाच्या शेजारी बसून कामटी काढायला शिकायचे, ती मुले दुसऱ्या कामाला लागली. ती विद्या कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही; मागणी असेल, तरच टिकते. येत्या सुगीसाठी आम्ही तालुक्याच्या बाजारातील एका बुरुडाकडे बारा सुपे सांगितली आहेत. किंमत त्याने सांगितली, ती आम्ही मान्य केली. घासाघीस केली नाही.