बोट चालवणाऱ्याच्या पायाला लाल दोरी का बांधलेली असते? किल स्विचबद्दल सगळं काही

तारकर्ली, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर कधी जेट स्की चालवली असेल, तर ही दोरी तुम्ही पाहिली असेल. जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी वेटोळी, बहुतेक वेळा लाल रंगाची. एक टोक मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवतात आणि दुसरं हँडलजवळच्या बटणाला. घाईत असलेल्यांना ती अडचण वाटते. पण चालवणारा पाण्यात पडलाच, तर इंजिन बंद करणारी तीच एक गोष्ट असते.

या व्यवस्थेला इंजिन किल स्विच म्हणतात आणि दोरीला किल कॉर्ड. मोटरसायकलच्या हँडलवर असतो त्या लाल बटणाचंही नाव तेच, पण ते हाताने दाबावं लागतं. बोटीतला स्विच चालक जागेवरून गेला की आपोआप काम करतो. जिममधल्या ट्रेडमिलची कपड्याला लावायची क्लिप आठवा, तत्त्व तेच.

बटणाखाली प्लास्टिकची छोटी क्लिप बसवलेली असते. दोरीला झटका बसला की क्लिप निसटते, बटण आत जातं आणि स्विच इंजिन बंद करतो. पेट्रोल इंजिनात ठिणगी थांबते, डिझेल इंजिनात सहसा इंधन तोडलं जातं. बोट लगेच जागच्या जागी उभी राहत नाही, वेगामुळे थोडी पुढे सरकते. पण पंख्याला फिरवणारी ताकद संपलेली असते.

चालक पडल्यावर बोट सरळ निघून का जात नाही?

चालक पडला तर बोट पुढे निघून जाईल आणि तो मागे पोहत राहील, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटं घडतं. आउटबोर्ड इंजिनाचा पंखा फिरताना इंजिनाला एका बाजूला ढकलत असतो. स्टिअरिंगवर हात असतो तोवर हे जाणवत नाही. हात सुटला की इंजिन एका बाजूला वळतं आणि बोट गोल फिरू लागते. त्या गोलात पुन्हा पुन्हा येणारी जागा नेमकी पडलेल्या माणसाची असू शकते.

आता पंख्याचा हिशोब पाहा. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३२०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १६० वेळा पातं एका जागेवरून जातं. पोहून बाजूला होऊ, हा विचार इथे टिकत नाही.

५ मे २०१३ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात, पॅडस्टो गावाजवळ कॅमल नदीच्या खाडीत हेच घडलं. सुट्टीवर आलेलं सहा जणांचं कुटुंब स्पीडबोटीतून फिरत होतं. एका जोरदार वळणात सहाही जण बाहेर फेकले गेले. रिकामी बोट गोल फिरत त्यांच्यावर आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी यांचा मृत्यू झाला, आईला पायाचा भाग गमवावा लागला आणि लहान मुलगा गंभीर जखमी झाला. शेवटी एका स्थानिक माणसाने दुसऱ्या बोटीतून तिच्यावर उडी मारून इंजिन बंद केलं.

त्या बोटीत किल कॉर्ड होती. अपघाताच्या क्षणी ती चालवणाऱ्याला बांधलेली नव्हती, एवढंच. बोटीचा ताबा नुकताच एका हातातून दुसऱ्या हातात गेला होता.

चालक बदलतानाचा तो अर्धा मिनिट

म्हणून जाणकार एका सवयीवर सर्वाधिक भर देतात. चालक बदलायचा असेल तर आधी इंजिन बंद करायचं, दोरी नव्या चालकाला बांधायची आणि मगच पुन्हा सुरू करायचं. ‘जरा स्टिअरिंग धर’ म्हणून चालत्या बोटीत जागा बदलणं हीच सगळ्यात धोक्याची वेळ.

दोरी बांधायची कुठे? स्टिअरिंगचं चाक असलेल्या बोटीत मांडीला, गुडघ्याच्या वर वेढा घालून. मनगटाला बांधली तर चाक फिरवताना ती अडकते आणि इंजिन नको तेव्हा बंद पडतं. दोनदा असं झालं की लोक दोरी काढूनच ठेवतात. शर्टाचं बटण, खिसा किंवा पँटचा पातळ लूप यांना ती कधीच अडकवू नये. माणूस बाहेर आणि फाटलेला लूप बोटीत, असं होऊ शकतं. दोरी स्टिअरिंगला किंवा सीटला बांधून ठेवणारेही असतात; त्यांनी ती न बांधल्यासारखीच आहे.

दिवसाच्या सुरुवातीला इंजिन चालू करून दोरी ओढून पाहावी. इंजिन बंद पडलं नाही, तर स्विच खराब आहे आणि किनारा सोडू नये. एरवीही धक्क्याला लागल्यावर इंजिन चावीऐवजी दोरीने बंद केलं, तर रोज आपोआप चाचणी होते.

ऊन आणि खारं पाणी दोरीचे शत्रू आहेत. वेटोळी सैल पडली, प्लास्टिकला चिरा गेल्या किंवा हुक गंजला की नवी घ्यावी. तुटलेल्या दोरीला सुतळीची गाठ मारून काम भागवू नये. बोटीत जादा दोरी हवीच, कारण चालक पडला तर क्लिपही त्याच्यासोबत पाण्यात जाते. मग त्याला आणायला इंजिन सुरू कशाने करणार? ती कुठे ठेवली आहे हे प्रत्येक प्रवाशाला सांगून ठेवावं.

दोरी घ्यावी की वायरलेस?

क्लिपचा आकार प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, त्यामुळे इंजिनाचं मॉडेल सांगूनच दोरी घ्यावी. अनेक आकारांच्या क्लिप असलेले संचही मिळतात, पण आपल्या स्विचवर ती घट्ट बसते आणि ओढल्यावर सुटते, हे स्वतः पाहावं.

वायरलेस प्रकारात चालकाच्या अंगावर छोटा ट्रान्समीटर असतो. तो पाण्यात बुडाला की सिग्नल तुटतो, कारण रेडिओ लहरी पाण्यात फार लांब जात नाहीत, आणि इंजिन बंद होतं. बोटीत सतत इकडेतिकडे फिरणाऱ्यांना, विशेषतः एकट्याने मासेमारी करणाऱ्यांना, हा प्रकार सोयीचा. मात्र तो महाग असतो, बॅटरीवर चालतो आणि इंजिनाच्या वायरिंगशी नीट जोडावा लागतो. छोट्या, एकाच जागी बसून चालवायच्या बोटीला साधी दोरी पुरते. शेवटी जे रोज अंगावर राहील तेच घ्यावं. डब्यात पडलेला महागडा ट्रान्समीटर कुणाला वाचवत नाही.

अमेरिकेने तर वापरच सक्तीचा केला आहे. १ एप्रिल २०२१ पासून, २६ फुटांपेक्षा लहान आणि साधारण ३ अश्वशक्ती किंवा त्याहून ताकदवान इंजिनाच्या बोटीत किल स्विच असेल, तर वेगात जाताना चालकाने तो स्वतःला जोडलाच पाहिजे. दोरी आणि वायरलेस, दोन्ही चालतात. धक्क्याला लागताना किंवा अगदी हळू जाताना सूट आहे, तसंच मुख्य स्टिअरिंग बंदिस्त केबिनमध्ये असेल तरीही. पहिल्या चुकीला दंड जास्तीत जास्त १०० डॉलर.

प्रवासी पाण्यात पडला आणि चालक जागेवरच असेल, तर मात्र दोरी आपोआप काहीच करत नाही. तेव्हा चालकानेच ती हाताने ओढायची. थ्रॉटल अडकून बोट आवरेनाशी झाली, तरी हाच उपाय, आणि तो बोटीतला कुणीही करू शकतो.